दगड जमला, थेंब अडला

एअरब्रशनं, म्हणजे हवेच्या जोरावर रंग बारीक फवारणाऱ्या गननं, ओला दगड रंगवायचा सराव चाललाय, त्यातला तेविसावा तुकडा आज रात्री संपला. दगड बरा आलाय, म्हणजे दारातून बघितलं तर कुणीतरी फरशीचा कपचा भिंतीला टेकवून ठेवलाय असं वाटतंय, पण त्याच्यावरचे थेंब अजून मोत्यासारखे दिसतायत. मोती म्हणजे छान असं नाही म्हणायचं मला, मोत्यातून आरपार दिसत नाही हेच दुखणं आहे. पाणी पाण्यासारखं दिसलं पाहिजे, त्याच्या खालचा दगड त्याच्यातून दिसला पाहिजे, आणि ते गेले दीड महिना काही केल्या होत नव्हतं. आता कुठे थोडं कळायला लागलंय म्हणून सगळं लिहून ठेवतेय, कुणी एअरब्रश घेऊन बसलं असेल तर उपयोग होईल.

हे सुरू झालं ते आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या बुलेटवरून. त्याला टाकीवर पावसात भिजलेला काळा दगड पाहिजे, वर थेंब, खाली ओघळ. मी दिवाळीपर्यंतचा टाइम मागून घेतला आणि म्हटलं आधी प्रॅक्टिस करते, मगच टाकीला हात लावते. एअरब्रश मला नवीन नाही. मामांचा मूर्तीचा कारखाना आहे, शाळेत असल्यापासून गणपतीच्या सीझनला मी तिथंच असते, आधी सोंड घासायला, मग सोवळ्याची बॉर्डर, आणि गेली आठ-नऊ वर्षं बॉडीचं शेडिंग माझ्याकडं आहे. गालाखाली, पोटाच्या वळणावर, बोटांच्या फटीत अलगद गुलाबी-तपकिरी सोडत जायचं, ते हात आपोआप करतो आता. त्यामुळं मला वाटलं होतं दगड म्हणजे काय, करड्या रंगात शेडिंग करायचं.

पहिले चार तुकडे तसेच केले आणि मामांना नेऊन दाखवले. मामांनी चष्मा वर केला, तुकडा उजेडात तिरका धरला आणि म्हणाले, "ही उशी झाली गं. दगडाला शेडिंग नसतंय, दगडाला मार लागलेला असतोय. तो मार काढ आधी."

हे वाक्य मी गनला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या वर खडूनं लिहून ठेवलंय. कारण खरी गोम तिथंच आहे. एअरब्रश हे हत्यारच मऊ आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे निघालं तेव्हा त्याचा मोठा वापर फोटो रिटच करायला व्हायचा, म्हणजे हाताची खूण कुठं दिसू नये, कडा कुठं दिसू नये यासाठीच ते वापरलं जायचं. चेहऱ्याला, कातडीला, धुक्याला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण दगड म्हणजे कडाच कडा. फुटलेल्या, झिजलेल्या, टवके उडालेल्या. त्या कडा गन देत नाही, त्या तुम्हाला बाहेरून आणाव्या लागतात, कागदानं, स्पंजनं, फिल्मनं, जे हाताला लागेल त्यानं.

आधी सामान सांगते. गन माझी साधी डबल ॲक्शन आहे, वर कप असलेली, नोझल 0.3 मिलिमीटरचं. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. कॉम्प्रेसर छोटा, खाली तीन लिटरची टाकी असलेला. पत्रा महाग पडतो म्हणून बोर्डवाल्यांकडून एसीपी शीटचे (दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेल्या) उरलेले तुकडे आणते, फूटभर बाय फूटभर, सहाशे नंबरच्या पाणी पेपरनं घासून घेते आणि वर करड्या प्रायमरचा एक हात. रंग वॉटरबेस ॲक्रिलिक, पातळ किती करायचा तर गाईच्या दुधाइतका, म्हशीच्या नाही. हवेचा दाब बेसला 25 पीएसआय, बारीक कामाला 15 च्या आसपास. एवढं पुरतं. महागडी गन घेतली की दगड चांगला येतो असं मला तरी दिसलेलं नाही.

आता दगड. आपल्याकडं दगड म्हणजे काळा पाषाण, बसाल्ट. सह्याद्री ज्या लाव्ह्याचा झाला तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याच दगडात अंबाबाईचं देऊळ, पंचगंगेचा घाट, जोतिबा सगळं उभं आहे. इतकी वर्षं त्याच्यावर बसून भेळ खाल्ली पण तो काळा नाही हे मला या जूनमध्ये कळलं. खरंच सांगते, घाटावर पायरीशेजारी शुद्ध काळ्या रंगाचा एक ठिपका मारलेला कागद धरून बघा. पायरी चक्क निळसर-करडी दिसते, कुठं हिरवट, कुठं गंजासारखी तांबूस. लाव्ह्यात अडकलेल्या वाफेच्या बुडबुड्यांची भोकं असतात, काही रिकामी, काहींत पांढरं खनिज भरलेलं. म्हणून माझा बेस आता काळा, पांढरा, किंचित निळा आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) असा बनतो आणि शुद्ध काळा मी शेवटपर्यंत झाकण लावून ठेवते. पन्हाळ्याला वर गेलात तर जांभा लागतो, त्याचा रंग वेगळा, भोकं वेगळी, त्याला हा हिशेब चालत नाही, तो पुढं कधीतरी.

बेस वाळला की गादीचा जुना स्पंज फाडून, कापून नाही, फाडून, दोन छटांनी टिपत जायचं. मग हवा आठ-दहा पीएसआयवर आणायची, म्हणजे गन नीट फवारत नाही, थुंकते, आणि ते थुंकणंच आपल्याला पाहिजे असतं. ठिपके लहान-मोठे पडतात. मी सुरुवातीला सगळीकडं सारखे ठिपके पाडले आणि तुकडा मोझॅक फरशीसारखा दिसायला लागला. दगडात ठिपके कळपानं असतात, एके ठिकाणी दाट, मग बराच वेळ काही नाही, मग परत दोन-चार. म्हणून आता हाताशी कागदाचे तुकडे ठेवते आणि झाकत झाकत मारते.

भेगेची गंमत मात्र मला सगळ्यात जास्त आवडते. ड्रॉइंगचा जाड कागद हातानं फाडायचा, फाटलेल्या कडेला जे रेशे सुटतात तेच कामाचे. ती कड तुकड्यावर किंचित उचलून धरायची आणि कडेला लागून गडद रंगाची एक बारीक धार सोडायची. मग तोच कागद एखादा मिलिमीटर, जास्त नाही, खाली सरकवायचा आणि आता फिकट करडा. बस. गडद रेघ आणि तिच्या ओठाला लागून उजेड. त्या एका मिलिमीटरात दगड आत जातो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी बोट फिरवून बघितलं खरंच खाच आहे का.

भोकांचं पण तसंच, फक्त उजेड कुठून येतोय ते डोक्यात पक्कं पाहिजे. उजेड डावीकडून वरून येत असेल तर खड्ड्याची डावी-वरची बाजू अंधारात असते आणि उजवी-खालची कड उजळते. उंचवट्याचं बरोबर उलटं. अकराव्या तुकड्यावर मी दोन दिवसांत काम केलं, पहिल्या दिवशी दिवा डावीकडं, दुसऱ्या दिवशी उजवीकडं, आणि अर्ध्या तुकड्याला खड्डे आणि अर्ध्याला देवीच्या व्रणासारख्या पुटकुळ्या आल्या. आता प्रत्येक तुकड्याच्या पाठीमागं आधी बाण काढते, उजेड इकडून. शंका आली की मोबाइलवर फोटो काढून उलटा फिरवते, खड्डे बाहेर आले तर आपलं बरोबर आहे.

आणि दगडफूल! हे मला कुणी सांगितलं नाही, हे माझं मला सापडलं आणि त्याचा मला फार आनंद आहे. जुन्या भिंतीवर पांढरट-हिरवट जे डाग असतात ते दगडफुलाच्याच जातकुळीतले, आणि दगडफूल आपण कांदा-लसूण मसाल्यात घालतो. मसाल्याची तयारी चालू होती, आई ताटात दगडफूल निवडत होती, मी त्यातली चार चपटी फुलं उचलली, तुकड्यावर पसरली, वरून नाण्यानं दाबून ठेवली आणि अगदी हलका गडद हात मारला. उचललं तर खाली तस्साच डाग, कडा कुरतडल्यासारख्या, कुठल्याही स्टेन्सिलनं येणार नाही अशा. त्यात पांढऱ्यात चिमूटभर हिरवा घालून आतून भरलं. खोली दिवसभर मसाल्याच्या वासानं भरून गेली होती.

दगड असा सुटत गेला. थेंब अडला.

थेंब काढायची पद्धत सगळे सांगतात तशीच मी पण करत होते, गोल काढा, पांढरा भरा, खाली सावली, वर चमक. आणि येत होते ते मोती. वर जुलै लागला. कोल्हापूरचा जुलै ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, भिंती ओल्या, आणि हवेतलं ते सगळं पाणी कॉम्प्रेसर ओढतो आणि टाकीत साठवतो. तीन संध्याकाळी खपून केलेल्या सतराव्या तुकड्यावर पाइपातून पाणी आलं आणि ओल्या रंगावर फस्सकन पसरलं. त्या दिवशी मी गन खाली ठेवून दिली आणि जेवलेसुद्धा नाही. आता रोज काम झाल्यावर टाकीच्या बुडाचा नळ उघडून पाणी काढते (पहिल्या दिवशी वाटीभर निघालं), पाइपला हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप बसवलाय, आणि पाऊस जोराचा असला तर बारीक काम करतच नाही.

त्या दिवशी जेवले नाही म्हणून रात्री उशिरा स्वयंपाकघरात गेले. आमच्याकडं आजीचा पाटा आहे, मिक्सर आला तरी आई पांढऱ्या रश्श्याचं वाटण त्याच्यावरच करते. वाटून झाल्यावर धुऊन भिंतीला उभा करून ठेवलेला. त्याच्यावर थेंब होते. मधे जिथं वरवंटा फिरतो तिथं गोल, टपोरे, आणि कडेला जिथं फारसं वाटलं जात नाही तिथं थेंब नाहीत, नुसता ओला काळा डाग. मी मोबाइलची बॅटरी लावली आणि फरशीवर बसले.

ते बघताना आधी हे कळलं की कोरड्या दगडावर थेंब बसतच नाही. खरबरीत दगड पाणी पिऊन घेतो, पसरवतो, आणि गडद होतो. कोरडा दगड फिका दिसतो कारण त्याच्या खडबडीत अंगावरून उजेड सगळीकडं विखुरतो, पाणी त्या बारीक फटी भरून टाकतं, मग उजेड विखुरत नाही, आत जातो. मी आजवर कोरड्या करड्या दगडावर गोल थेंब काढत होते, ते खोटंच दिसणार, डोळ्याला माहीत असतं. मधल्या भागात मात्र चाळीस-पन्नास वर्षांचं खोबरं, तीळ, मसाला मुरलाय, दगड तेलकट झालाय, म्हणून तिथं पाणी गोळा होऊन बसतं. म्हणजे थेंब काढायच्या आधी दगडाला तेल पाजलं पाहिजे, रंगात. आता मी थेंबाच्या जागेभोवती आधी पारदर्शक काळसर-तपकिरीचे दोन हात मारते, दगड ओला करून घेते, मगच थेंब.

मग थेंबाला नाक लावून बघितलं. उजेड डावीकडून येत होता. डाव्या-वरच्या बाजूला एक टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका, कडा एकदम कडक. पण त्याच ठिपक्याच्या भोवती, थेंबाच्या आत, अंधार. आणि समोरच्या, उजव्या-खालच्या बाजूला थेंब आतून उजळलेला! मी कायम उलटं करत होते, जिकडून उजेड तिकडं पांढरं आणि खाली गडद, जसा चेंडू काढतात, जसा मी गणपतीचा गाल करते. पण थेंब चेंडू नाही, भिंग आहे. उजेड त्याच्यात शिरतो, वाकतो आणि पलीकडच्या बाजूला गोळा होतो. इतकंच नाही, थेंबाच्या बाहेर दगडावर जी सावली पडते तिच्याही पोटात एक उजेडाची टिकली असते, कारण तो गोळा झालेला उजेड तिथून बाहेर पडतो. आणि थेंबाच्या आत जे दिसत होतं ते पाणी नव्हतंच, पाट्याला छिन्नीनं लावलेल्या टाकीचे खड्डे होते, थोडे मोठे झालेले, थोडे वाकलेले.

मी तिथंच बसून होते. आई पाणी प्यायला उठली, तिनं बघितलं आणि विचारलं, "काय गं, पाट्याला काय झालं?" म्हटलं काही नाही, बघतेय. ती पण शेजारी बसली थोडा वेळ. मग म्हणाली, आता पाट्याला टाकी लावणारे टाकारी फिरकत नाहीत, टाकी लावून पण किती वर्षं झाली.

अठराव्या तुकड्यापासून पांढऱ्या रंगाला मी शेवटपर्यंत हात लावत नाही. थेंबाचा आकार जुन्या एक्स-रे फिल्ममध्ये कापून ठेवलाय, सात-आठ मापं, एकही पूर्ण गोल नाही. छोटा थेंब, तांदळाच्या दाण्याएवढा, तो गोलच असतो कारण पाणी स्वतःला आवळून धरतं, पण जरा मोठा झाला की वजनानं बसतो, चपटा होतो, आणि उभ्या दगडावर असेल तर खाली पोट सुटतं. फिल्म ठेवून आधी आत, उजेडाच्या बाजूला, पारदर्शक काळा अगदी धुक्यासारखा. मग फिल्मचा जो कापलेला तुकडा असतो तो थेंबावर झाकून बाहेर सावली, थेंबाला चिकटून गडद, लांब जाताना विरत. परत पहिली फिल्म, आणि पलीकडच्या बाजूला दगडाचाच फिका करडा, पांढरा नाही, दगडाचा. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. दगडात त्या जागी हिरवट डाग असेल तर थेंबातला उजेड पण हिरवट. भेग थेंबाखालून जात असेल तर थेंबात ती जराशी सरकलेली आणि जाड. शेवटी सावलीतली टिकली, आणि अगदी शेवटी तो पांढरा ठिपका, तो गननं नाहीच, शून्य नंबरच्या ब्रशनं किंवा ब्लेडच्या टोकानं रंग खरवडून. गनचा ठिपका कडेनं मऊ येतो आणि मऊ चमक आली की परत मोती.

मधे एक रविवार काढून खिद्रापूरला पण जाऊन आले. तिथल्या कोपेश्वराच्या जुन्या दगडी देवळाचा स्वर्गमंडप मधोमध आभाळाला उघडा आहे, खाली गोल शिळा, भोवती अठ्ठेचाळीस खांब. पाऊस सरळ त्या गोल शिळेवर पडत होता. शिळा शाईसारखी काळी, आणि दोन हातांवर आडोशाला असलेले खांब करडे कोरडे, दगड एकच. ज्या खांबांना येणारे-जाणारे हात टेकतात तिथं हाताच्या उंचीवर गुळगुळीत पट्टा झालाय आणि उडालेले शिंतोडे बरोबर त्या पट्ट्यावर थेंब होऊन बसलेले, वर-खाली नाहीत. मी दोन तास तिथं वहीत बाण काढत होते. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान, त्यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ या तळ्यांचं पाणी परत परत काढलं, एकच पाणी वेगवेगळ्या उजेडात. एकाच जागेवर इतक्या वेळा का जायचं हे मला आता कुठं समजतंय.

एक गोष्ट कळकळीनं सांगते, मास्क घाला. वॉटरबेस असला तरी तो धुरळा छातीत जातो, खिडकी उघडी ठेवा. आणि बुलेटच्या टाकीवर शेवटी जो टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारतात त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुफ्फुसाला फार वाईट, त्याला रुमाल किंवा कापडी मास्क काही उपयोगाचा नाही. मी ते घरी करणारच नाही, उद्यमनगरात बूथ असलेल्या पेंटरकडं देणार आहे. घरात आई आहे, भाचा आहे.

तेविसाव्यावर आता अकरा थेंब आहेत. त्यातले आठ मोती आहेत, घाईत झाले, आतला उजेड फार पांढरा गेलाय. तीन मात्र पाणी आहेत. मामांना फोटो नाही पाठवला, तुकडाच नेऊन दाखवला. त्यांनी परत तिरका धरला, बराच वेळ बघितलं, मग त्या तीनपैकी एकावर नख ठेवून म्हणाले, "हा बसलाय. पण हा निघालाय कुठं? पावसात सगळेच बसून राहतात होय?"

म्हणजे ओघळ. तो अजून मला येत नाही. पाट्यावर करून बघितलं, पाटा जरा तिरका केला की मोठा थेंब एकदम निघत नाही, आधी पुढं पोट काढतो, टाकीच्या खड्ड्यात अडतो, शेजारचा एक गिळतो आणि मग सुटतो, आणि त्याच्या मागं वाटेवर बारीक बारीक थेंब सुटत जातात, मोहरीएवढे. ती मोहरी काढायला 0.2 चं नोझल लागेल असं वाटतंय. उद्या आई वाटण करणार आहे, तिला सांगून ठेवलंय, पाटा धुतलास की लगेच पुसू नको.